चालते, मधेच झोपते

आईने फोन तांदळाच्या डब्यात पुरला तेव्हा बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. फोन भिजला नव्हता. गॅसच्या ऑफिसातून बोलतोय असं सांगून एका गोड आवाजाच्या माणसाने तिच्याकडून एक अ‍ॅप उतरवून घेतलं होतं, आणि मग तिचं बोट लागलेलं नसताना स्क्रीनवरची चित्रं सरकायला लागली. बिघडलेला फोन तांदळात ठेवतात एवढं तिने ऐकलं होतं. तिने ठेवला, झाकण लावलं आणि झाकणावर पोळपाट ठेवला.

शेजारची मालवणी काकू तेवढ्यात वायफाय बंद पडलंय म्हणून सांगायला आली. तिने पोळपाट बघितला, आईचं तोंड बघितलं आणि मला ऑफिसात फोन लावला.

"गो बाय, तुझ्या आवशीन फोन तांदळात घातल्यान, नि आता डब्याकडे बघत बसलीहा. तू ये बघू."

मी दादरला एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. हातातलं पान तसंच टाकून टॅक्सीने करी रोडला गेले. बँकेला कळवलं, सिम बंद करून नवं घेतलं, फोन पुसून कोरा केला. पैसे गेले नव्हते. तांदळाचा त्यात काही हात नसावा, पण डबा जाड पितळेचा होता आणि झाकण घट्ट, त्यामुळे आत रेंज गेली असावी. आमच्या घरातली पहिली फायरवॉल ती.

दुसरी बसवायची जबाबदारी माझ्यावर आली ती भावामुळे. तो बंगळुरूला असतो. त्याच्या हुद्द्यात दोन स्वल्पविराम आहेत आणि मी ते पुन्हापुन्हा तपासलेत, दोन्ही बरोबर आहेत. त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं, "एक तर घरचं नेटवर्क सिक्युअर कर, नाहीतर महिनाअखेर मी येऊन आईला इकडे घेऊन जातो."

"आईला विचारलंस?"

"ती काय सांगणार? तिला फ्रॉड कळत नाही."

आई शेजारीच बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तिकडे जाऊन मी काय करू? त्याच्याकडे खाली उतरायलासुद्धा कार्ड लागतं." एवढंच. ती दोनदा सांगणाऱ्यातली नाही. मग उठून तिने फोनला चिकटलेले तांदूळ एकेक करून परत डब्यात टाकले.

भावाने एक लिंक पाठवली. एका परदेशी कंपनीची फायरवॉल, मोठ्या ऑफिसांत वापरतात ती, घरगुती वापरासाठी मोफत. सोबत 'झीरो ट्रस्ट', म्हणजे कुणावरच विश्वास ठेवायचा नाही, या विषयावर त्याने कुठल्याशा परिषदेत दिलेलं भाषण होतं. भाषण मी ऐकलं नाही. लिंक उघडली. त्या दिवसांत मला कुणी काहीही करायला सांगितलं असतं तरी मी केलं असतं. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी खुर्च्या मोजून घ्यायला सांगितल्या तेव्हा मी तीनदा मोजल्या होत्या. काही वाटत नव्हतं, आणि मोजायला बरं पडत होतं.

गोड आवाजाच्या माणसाला कुठलीही फायरवॉल अडवू शकली नसती हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तो फोनवरून आला होता आणि आईने त्याला हाताला धरून आत घेतलं होतं. भावालाही हे कळत असणार, तेच त्याचं काम आहे. पण त्याला काहीतरी झालेलं हवं होतं, आणि काय झालं हे सांगायला एक शब्द हवा होता.

आईला मी समजावलं की बाहेरची तार आणि आपलं घर यांच्यामध्ये एक कॉम्प्युटर बसवायचा. आत कोण येतं, बाहेर कोण जातं, ते तो बघत बसतो.

"म्हणजे वॉचमन?"

"हो."

"आपल्या गेटवरच्यासारखा?"

आमची चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला. त्यात विकलेल्या फ्लॅटची विंग वेगळी, आम्हा जुन्या लोकांची वेगळी, आणि मध्ये भिंत. त्यांच्या लॉबीत संगमरवरावरून पाणी पडतं. वॉचमन तिकडच्या गाड्यांना सलाम ठोकतो आणि आमच्या दूधवाल्याला वही भरायला लावतो.

"त्याच्यापेक्षा बरा," मी म्हटलं.

फायरवॉल फुकट होती, पण ती कुठल्या यंत्रावर चालेल याची यादी लांबलचक होती. मी ती ऑफिसात छापून घेतली आणि सवयीने पेन्सिल घेऊन वाचली. प्रोसेसर चौसष्ट बिटांचा हवा. मेमरी अमुक हवी, पण मोफतवाल्यांनी तमुकच्या वर वापरायची नाही. डिस्कवर जे असेल ते सगळं पुसलं जाईल. नेटवर्कची निदान दोन कार्डं हवीत, एक बाहेरच्या तारेसाठी, एक घरासाठी. आणि कार्डावरची चिप ठरावीक जातीची हवी. यादीत नसलेली चिप चालेलही, पण तक्रार घेऊन येऊ नका. शेवटी एक करार होता: हे मी फक्त माझ्या घरासाठी वापरेन. घर म्हणजे काय याची व्याख्या दिली नव्हती. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं.

यंत्र बाबांचं होतं. बाबा गिरणीत फिटर. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी आयुष्यभर चाळीतले पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्त केले आणि पासष्टीनंतर लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून हा कॉम्प्युटर जोडला. त्याची एक बाजू कायम उघडी असायची, कारण झाकण लावलं की आतलं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी पेन्सिलीने खुणा करत गेले. प्रोसेसर चालेल. मेमरी काठावर पास. नेटवर्कची खाच एकच.

"कार्ड पाहिजे आणखी एक," मी म्हटलं.

आईने पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढून दिला.

त्यात बाबांचे सुटे भाग होते. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, गिरणीत दुरुस्तीला आलेल्या सामानाला बांधत तशी, आणि त्यावर त्यांच्या ठाशीव अक्षरात शेरा. 'चालत नाही. तांब्यासाठी ठेवले.' 'चालते, आवाज करते.' 'माहीत नाही.' या शेवटच्या शेऱ्याच्या सहा वस्तू होत्या. कंपनीच्या यादीत हा रकाना नव्हता.

नेटवर्क कार्डं दोन निघाली. एकाची चिठ्ठी 'चालते'. दुसऱ्याची 'चालते, मधेच झोपते. वायर काढून लावावी.'

दोन्हींवरच्या चिपा मी भिंग लावून वाचल्या. पहिली यादीत होती. दुसरी फक्त लोकांच्या चर्चेत सापडली. तिथे एकाने लिहिलं होतं की हे कार्ड वापरण्यापेक्षा कॉम्प्युटर खिडकीतून टाका.

पहिलं बसवलं. डिस्क पुसण्याआधी काय आहे ते बघितलं: रेशनकार्डाची स्कॅन, पंख्यांच्या वायरिंगचे फोटो, पत्त्यांचा एक अर्धवट डाव. फोटो पेनड्राइव्हवर घेतले. डाव घेता येत नव्हता. सगळं पुसू का, असं यंत्राने विचारलं. मी हो म्हटलं. काहीतरी वाटेल म्हणून हात तसाच ठेवून थोडं थांबले. वाटलं नाही. पट्टी भरत गेली.

मग यंत्र चालू होताना अडलं. 'कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.' एवढं प्रांजळ वाक्य मी बऱ्याच दिवसांत तपासलं नव्हतं. कीबोर्ड जोडून कपाटावर ठेवला, त्यावर आईने रुमाल घातला, आणि फायरवॉल सुरू झाली.

सुरू झाल्याझाल्या तिने आमच्या घरात कोण कोण आहे याची यादी दाखवली. आई एकटी राहते. यादीत बावीस यंत्रं होती.

मला हे माहीत असायला हवं होतं. बाबांनी वायफाय घेतलं त्याच दिवशी पॅसेजमधल्या चारही घरांना पासवर्ड सांगितला होता. पासवर्ड म्हणजे त्यांचा गिरणीतला बिल्ला नंबर, तो सगळ्यांना पाठ. चाळीत नळ एक, पेपर एक, फ्यूजची तार बाबांच्या खिशात. त्यांनी त्यात नेट घातलं. कुणाचं अडलं की आमची बेल वाजायची आणि बाबा उठून वायर काढायचे, दहा मोजायचे, परत लावायचे.

मी भावाला स्क्रीनचा फोटो पाठवला. तो हादरला. "बावीस? हे लोक कोण आहेत?"

"आपले शेजारी."

"अननोन डिव्हायसेस. सगळी ब्लॉक कर. फक्त आईचा फोन आणि टीव्ही ठेव. हे नाही केलंस तर मग मी तिकीट काढतो."

मी केलं. एका रकान्यात बावीस खुणा होत्या, त्यातल्या वीस काढल्या. नंतर आईला म्हटलं, फोनला फार हात लावू नकोस, अनोळखी आला तर उचलू नकोस. ती बरं म्हणाली. भावाने मला अंगठा पाठवला.

त्या आठवड्यात मी रोज फोन केला. रोज ती "सगळं ठीक" म्हणाली. मीही तेच म्हणत होते, दोघींचं सारखंच चालू होतं. रविवारी गेले तर ओट्यावर औषधाची रिकामी पट्टी आणि तिचे डोळे आत गेलेले.

"ताप होता दोन दिवस. आता उतरला."

"मला फोन का नाही केलास?"

"तूच म्हणालीस ना, फार हात लावू नको."

"मग काकूंना सांगायचं."

"त्या येत नाहीत आता."

मला लगेच समजलं नाही. आईने सांगितलं, तशीच, भांडी पुसत. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं बिघाड आहे. काकू विचारायला आली, तर आईने तिला जे माहीत होतं ते सांगितलं, की मुलीने बंद केलंय, सुरक्षेसाठी. काकू "बरा, बरा" म्हणून गेली. मग कुणीच आलं नाही. भांडण नाही, काही नाही. लिफ्टपाशी भेटले की हसतात.

"लोकांना वाटतं, ते गेले आणि पोरांनी नळ तोडला," आई म्हणाली.

"आई, नेट आहे ते. ज्याचं त्याने घ्यायचं असतं."

तिने भांडं पालथं ठेवलं. "आमच्या गावात विहिरीवर आम्हाला लांब उभं राहावं लागायचं. कुणी वरून ओतलं तर पाणी. मी सात वर्षांची असल्यापासून उभी राहिलेय." मग फडकं पिळून दांडीवर टाकलं. "आपल्या घरातून कुणाचं बंद करायचं नाही. एवढं बघ. बाकी तुमची ती भिंत राहू दे."

हे तिने मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. मला आतून काही हलल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं इतकंच की कागद पुढे ओढून मी आकडेमोड करायला लागले.

सगळं पूर्वीसारखं उघडं टाकलं तर भाऊ महिनाअखेर येणार. बंद ठेवलं तर आई या घरात राहून न राहिल्यासारखी. मधला रस्ता कंपनीच्या पुस्तिकेत सापडला: तिसरी खाच. आईचा फोन आणि टीव्ही एका कार्डावर, शेजारी दुसऱ्या कार्डावर. नेट दोघांना, पण तिकडून इकडे यायला वाट नाही. त्यासाठी तिसरं कार्ड हवं. डब्यात एकच उरलं होतं, झोपणारं.

मी ते बसवलं. फायरवॉलने ते ओळखलं, नाराजीची एक पिवळी ओळ दाखवली आणि कामाला लावलं. बाबांचा जुना वायफायचा डबा त्याला जोडला, पासवर्ड बिल्ला नंबरच ठेवला आणि चारही घरांच्या बेल मारून सांगितलं की चालू झालंय. काकूने दार उघडलं, मला वरून खालपर्यंत बघितलं.

"अगो, एवढा कित्याक? आम्ही घेतला असता दुसरा."

"घेऊ नका," मी म्हटलं. माफी मागायचं मनात होतं. त्याऐवजी आई कशी आहे ते सांगितलं, ताप येऊन गेल्याचं. काकूने पायात चपला सरकवल्या आणि माझ्या आधी आमच्या घरात शिरली. "वयनी, ताप इलो नि सांगूक काय झाला? तोंडाक कुलूप लावलात?"

दोन दिवसांनी कार्ड झोपलं. मग एक दिवस टिकलं, मग पुन्हा झोपलं. आईची बाजू ठणठणीत होती, शेजाऱ्यांचीच पडायची. मी आईला शिकवायला गेले तर तिला येत होतं: निळी वायर काढायची, दहा मोजायचे, लावायची. वर्षानुवर्षं बघितलेलं.

भावाला मी बदललेलं सगळं नीट लिहून कळवलं. त्याला ते आवडलं, त्याला त्यासाठी तीन इंग्रजी शब्द माहीत होते. "पण ते कार्ड बदल," तो म्हणाला. "असं अनस्टेबल हार्डवेअर चालत नाही. मी महिनाअखेर बघतो, सगळं स्टेबल असेल तर राहू दे तिला तिथे. नाहीतर ती एकटी काय वायरी काढत बसणार?"

म्हणून मी लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने यादी बघितली, मग मला बघितलं.

"ऑफिस के लिए?"

"घर."

"घरात फायरवॉल? मॅडम, घरात काय हाय असं?"

"आई आहे."

तो आतून एका बंद पडलेल्या ऑफिसच्या सर्व्हरमधून काढलेलं कार्ड घेऊन आला. चार खाचा, चिप यादीतली, अगदी पहिल्या पानावरची. "ये कभी सोएगा नहीं," तो म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. "लंबेवाले स्लॉट में बैठेगा. नाय बसला तर परत आणा."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी कार्ड पिशवीत घालून करी रोडला गेले. यंत्राची बाजू उघडीच होती. लांब खाच मोकळी होती. मी स्क्रू काढायला बसले, तेवढ्यात बेल वाजली.

"वयनी, तुमचो डबो परत झोपलो!" काकू दारातूनच. "सुनेची मीटिंग चालू आसा, साहेब तोंड उघडून थांबलोहा तसोच."

"बसा, उठवते," आई म्हणाली. तिने मला हाताने बाजूला केलं, वाकून निळी वायर काढली आणि मोठ्याने मोजायला लागली. काकू सहाला खुर्चीत बसली होती. आठला तिने विचारलं, "सकाळची गोळी घेतलात?" आई नऊला थांबली, "नाही वाटतं," म्हणाली, दहा म्हणाली आणि वायर लावली. दिवा हिरवा झाला. काकूने फळीवरून गोळ्यांची डबी काढली, तिला जागा माहीत होती, आणि पाणी भरलं. मग पॅसेजमधून सुनेचा आवाज आला, "आलं, आलं!" तरी काकू उठली नाही. चहा टाकला गेला. वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका कशी चित्रपटाच्या जाहिरातीसारखी आहे यावर बराच वेळ चर्चा झाली.

ती गेल्यावर भावाचा फोन आला.

"कार्ड टाकलंस?"

मी पिशवीकडे बघितलं. लांब खाचेकडे बघितलं.

"बसत नाही," मी म्हटलं. "खाच वेगळी आहे."

"मग दुसरं यंत्र घेऊ."

"आईची बाजू महिनाभर एकदाही पडलेली नाही. फायरवॉलच्या नोंदी पाठवू?"

तो पाठव म्हणाला. मी तेव्हाच पाठवून दिल्या, चाळीस पानं. तो वाचणार नाही हे मला माहीत होतं आणि वाचल्या असत्या तरी त्या खऱ्या होत्या. थोड्या वेळाने उत्तर आलं: ठीक आहे, आईला तिथेच राहू दे, दिवाळीत बघू.

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

"राहा म्हणतो."

"राहतेच आहे," ती म्हणाली आणि कप विसळायला घेतले.

नवीन कार्ड मी बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. शेजारी बाबांचा दोऱ्याचा गुंडा आणि चिठ्ठ्यांचे कापून ठेवलेले तुकडे होते, बरेच उरले होते. एक घेतला. काय लिहायचं ते ठरेना. 'चालते' लिहिणं बरोबर झालं नसतं, मी ते चालवून बघितलं नव्हतं. शेवटी 'माहीत नाही' असं लिहिलं, दोरा ओवला आणि गाठ मारली. गाठ सुटली. बाबांची गाठ कशी होती ते बघायला मी दुसरी चिठ्ठी उचलली, उलटसुलट करून बघितली, आणि परत मारत बसले.